ट्रकचं ऑइल कारमध्ये: कुठे चालतं, कुठे महागात पडतं

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतकडच्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराच्या शेडमध्ये डोकावून बघा. औषधांचे रिकामे डबे, ब्लोअरचा सुटा पाइप, क्रेटची चवड आणि कोपऱ्यात एक बादली. बादलीवर ट्रॅक्टरचं चित्र आणि खाली लिहिलेलं, १५डब्ल्यू-४० डिझेल इंजिन ऑइल. ट्रॅक्टरला तेच, पिकअपला तेच. मग अंगणातल्या पेट्रोल कारच्या डिपस्टिकवर ऑइल खाली गेलेलं दिसलं की हात त्याच बादलीकडे जातो. घरात असताना बाजारातून वेगळा डबा कशाला आणायचा?

नाशिक शहरातही हा प्रश्न आहेच. आडगावकडच्या ट्रकच्या गॅरेजात विचारलंत तर उत्तर मिळेल, ‘डिझेलचं ऑइल हेवी असतं, बिनधास्त टाका, इंजिन जास्त टिकेल.’ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलंत तर ते म्हणतील, ‘अजिबात नको, वॉरंटी जाईल.’ ऐकणारा गोंधळतो आणि शेवटी जो जास्त ठासून बोलला त्याचं ऐकतो. गंमत अशी की दोघंही खोटं बोलत नसतात. फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळ्या गाड्या असतात.

आधी डब्यात काय असतं ते पाहू

ऑइल म्हणजे वंगण, घासणाऱ्या भागांमधला थर, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्याला आणखी बरीच कामं असतात. पिस्टनखालची उष्णता ते वाहून नेतं. जळणातून येणारी काजळी पोटात धरून ठेवतं, म्हणजे ती एका जागी साचत नाही. जळताना तयार होणारी आम्लं मारतं. नव्या इंजिनांत तर व्हॉल्व्ह कधी उघडायचे हे बदलणारी यंत्रणाही ऑइलच्या दाबावर चालते.

ही सगळी कामं एकटं तेल करू शकत नाही. डब्यातला मोठा हिस्सा बेस ऑइलचा असतो आणि उरलेला ॲडिटिव्हचा, म्हणजे मुद्दाम मिसळलेल्या रसायनांचा. ट्रकच्या आणि कारच्या ऑइलमधला खरा फरक या ॲडिटिव्हमध्ये आहे. बोटावर घेऊन चोळून तो कळत नाही, वासानेही कळत नाही. तो कळतो डब्यावरच्या बारीक अक्षरांतून.

समोरचे मोठे आकडे आणि मागची बारीक अक्षरं

डब्याच्या पुढे ठळक छापलेलं १५डब्ल्यू-४० किंवा ०डब्ल्यू-२० ही फक्त जाडी असते. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती वाहतं ते सांगतो आणि नंतरचा आकडा इंजिन गरम असताना ते किती जाड राहतं ते. ही जाडी सेंटीस्टोक या एककात मोजतात. १०० अंश सेल्सिअसला ४०च्या ऑइलची जाडी १२.५ ते १६.३ सेंटीस्टोकच्या दरम्यान असावी लागते, तर २०च्या ऑइलची ६.९ ते ९.३. म्हणजे गरम इंजिनातही ट्रकचं ऑइल नव्या कारच्या ऑइलपेक्षा सहसा दीडपटीहून जास्त जाड असतं.

आपल्याकडे ऑइल विकत घेताना बहुतेक लोक इथेच थांबतात. खरी माहिती मागच्या बाजूला असते. तिथे ‘एपीआय’ या शब्दापुढे दोन-तीन अक्षरं असतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेला हा दर्जा. एसने सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनासाठी आणि सीने सुरू होणारी डिझेलसाठी. पुढचं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. एसएल २००१ सालचा, एसएन २०१०चा, एसपी २०२०चा. डिझेलमध्ये सीआय-४ २००२चा, सीजे-४ २००६चा, सीके-४ २०१६च्या अखेरीचा.

यात एक खाचखळगा आहे. युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेचा, म्हणजे ‘एसीईए’चा, दर्जा वेगळा असतो आणि त्यातही सी२, सी३ अशी नावं येतात. या सीचा एपीआयच्या सीशी काही संबंध नाही. युरोपचा सी३ म्हणजे धूर साफ करणारी यंत्रणा असलेल्या कारसाठीचं कमी राखेचं ऑइल. एपीआयचा सीआय-४ म्हणजे ट्रकचं ऑइल. नुसता ‘सी’ पाहून डबा उचलणारे इथे फसतात, आणि दुकानदारही फसू शकतो.

ट्रकचं ऑइल दमदार असतं हे खरंच आहे

नाशिककराला डिझेल इंजिनाबद्दल फार समजावून सांगायला नको. सातपूरच्या ज्या कारखान्याला गाव अजून ‘मायको’च म्हणतं, त्या बॉशमध्ये डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल बनतात. तरीही ट्रकचं आयुष्य एकदा डोळ्यांसमोर आणू. कांद्याने भरलेला ट्रक, दिवसरात्र भार, दीड-दोन हजार आरपीएमवर तासन्‌तास चालणारं इंजिन आणि जळणातून सतत येणारी काजळी. ऑइल बदललं की काही तासांत काळं होतं ते त्यामुळेच, आणि ते काळं होणं म्हणजे ऑइल काजळी धरून ठेवण्याचं आपलं काम करतंय.

म्हणून या ऑइलमध्ये तीन गोष्टी जास्त घातलेल्या असतात. काजळी तरंगत ठेवणारी रसायनं. आम्ल मारणारी आणि भाग स्वच्छ ठेवणारी कॅल्शियम-मॅग्नेशियमची संयुगं. आणि झीज थांबवणारं झेडडीडीपी, म्हणजे जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग, जे दाबाखाली धातूवर पातळ संरक्षक थर धरतं. आम्ल मारण्याची गरज पूर्वी तर फारच होती. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या धुरावरच्या सरकारी नियमांचे टप्पे. बीएस-३च्या काळात डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत ३५० भागांपर्यंत चालायचं, बीएस-४मध्ये ते ५० झालं आणि बीएस-६मध्ये १०. गंधक जळून आम्ल होतं. जुनं डिझेल जसं होतं तसंच त्या काळचं ऑइल तगडं लागायचं.

म्हणजे आडगावचा मिस्तरी जे म्हणतो त्यात तथ्य आहे. या ऑइलमध्ये झीज रोखणारी रसायनं जास्त असतात. मग अडचण कुठे येते? बहुतेक वेळा इंजिनात येतच नाही. ती येते इंजिनच्या मागे, सायलेन्सरच्या पाइपमध्ये.

राखेचा हिशेब

कुठलंही इंजिन थोडं ऑइल जाळतंच. पिस्टनच्या रिंगांवरून, व्हॉल्व्हच्या सीलमधून थेंब-थेंब ऑइल ज्वलनकक्षात जातं. त्यातलं तेल जळून जातं. पण कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त जळत नाहीत, त्यांची राख होते. चुलीत लाकूड कितीही चांगलं जळलं तरी खाली राख उरतेच आणि सकाळी ती हाताने काढावी लागते, तसंच हे. फरक एवढाच की गाडीच्या पाइपमधली राख काढायला कोणी बसत नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झाल्यावर डिझेल कारमध्ये डीपीएफ आला. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडकवणारी जाळी. काजळी साठली की गाडीचा संगणक जाळीचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि ती जाळून टाकतो. काजळी अशी जळते. राख जळत नाही, ती जाळीतच राहते.

आता कागदावर हिशेब करू. एक लिटर ऑइलचं वजन सुमारे ८६० ग्रॅम. गाडी दर दहा हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल जाळते असं धरा, म्हणजे लाखाला दहा लिटर. ऑइलमध्ये राखेचं प्रमाण ०.८ टक्के असेल तर लाख किलोमीटरमध्ये साधारण ६९ ग्रॅम राख तयार होईल. सीआय-४ प्रकारच्या जुन्या ट्रक ऑइलमध्ये राख १.५ टक्क्यांपर्यंत असू शकते. मग तोच आकडा १२९ ग्रॅमवर जातो. यातली सगळी राख जाळीत अडकत नाही, आणि चांगलं इंजिन एवढं ऑइल जाळतही नाही. पण प्रमाण तेच राहतं: जाळी जवळपास दुप्पट वेगाने भरते. मग गाडी वारंवार काजळी जाळायला बसते, ओढ कमी होते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि नव्या डीपीएफची किंमत ऐकली की ऑइलमध्ये वाचवलेले पैसे आठवतात.

इथे कोणी विचारेल, मग नव्या ट्रकलाही डीपीएफ असतो, त्याचं काय? बरोबर प्रश्न आहे. त्यासाठीच सीजे-४ आणि सीके-४ हे दर्जे आले, ज्यात राख १ टक्क्याच्या आत आणि फॉस्फरस ०.१२ टक्क्याच्या आत ठेवावं लागतं. शिवाय ट्रकची जाळी मोठी असते आणि ती उतरवून साफ करायची सोय असते. कारच्या सी३ ऑइलला राखेची मर्यादा त्याहून कमी, ०.८ टक्के आहे. म्हणजे घरची पिकअप २०१५ची असेल आणि शेजारी २०२२ची नवी डिझेल एसयूव्ही उभी असेल तर दोन्ही डिझेल असूनही एकाच बादलीतून दोघींना ऑइल घालणं बरोबर नाही.

पेट्रोल कारची अडचण जरा वेगळी आहे. तिच्या पाइपमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. गॅरेजच्या भाषेत कॅट. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ लेप त्यात असतो आणि त्या लेपावरून जाताना विषारी वायूंचं रूपांतर होतं. फॉस्फरस या लेपावर हळूहळू थर धरतं आणि कॅट मंदावतो. असंच एकदा शिशाबाबत झालं होतं. १९९५मध्ये चार महानगरांत कॅट असलेल्या नव्या गाड्या आल्या तेव्हा त्यांच्यासोबत शिसेविरहित पेट्रोल आणावं लागलं, कारण शिसं कॅट मारून टाकतं. फॉस्फरस तितका घातकी नाही, तो सावकाश काम करतो. पण म्हणूनच कारच्या इंधनबचतीच्या पातळ ऑइलमध्ये फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के ठेवलेली आहे. ट्रकच्या ऑइलला ती लागू नाही.

कसारा घाट आणि टर्बो पेट्रोल

गेल्या काही वर्षांत लहान टर्बो पेट्रोल इंजिनं खूप आली. मागच्या दारावर टीजीडीआय, टीएसआय अशी अक्षरं दिसतात ती यांतलीच. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं आणि टर्बो जास्तीची हवा दाबून भरतो. छोट्या इंजिनातून मोठी ताकद काढायची ही युक्ती आहे, आणि तिच्यासोबत एक नवा रोग आला.

मुंबईहून परत येताना कसारा घाटात गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, आणि चालकाने आळस करून वरचाच गिअर ठेवलेला. आरपीएम कमी, भार प्रचंड. अशा वेळी सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल-पेट्रोलचे बारीक थेंब ठिणगी पडायच्या आधीच पेट घेऊ शकतात. पिस्टन अजून वर येत असतो आणि स्फोट आधीच झालेला असतो. ठोका असा बसतो की पिस्टनचा कडेचा भाग तुटू शकतो. याला एलएसपीआय म्हणतात, म्हणजे कमी वेगात वेळेआधी होणारं ज्वलन.

संशोधनात दिसलं की ऑइलमधल्या कॅल्शियमचं प्रमाण जास्त असेल तर हे जास्त होतं. म्हणून २०१८च्या एसएन प्लस आणि २०२०च्या एसपी दर्जात यासाठी खास चाचणी आली आणि कंपन्यांनी कॅल्शियमचा काही हिस्सा काढून त्या जागी मॅग्नेशियम वापरायला सुरुवात केली. ट्रकचं ऑइल सहसा कॅल्शियमने भरलेलं असतं, आणि डिझेलमध्ये ठिणगीच नसल्याने त्याला ही चाचणी द्यावी लागत नाही. माझं मत विचाराल तर या सगळ्या लेखात ‘अजिबात नको’ म्हणण्यासारखी जागा ही एकच आहे. बाकी ठिकाणी तोटा सावकाश होतो. इथे एका घाटात होऊ शकतो.

‘पण आपल्याकडे ऊन किती! पाण्यासारखं पातळ ऑइल टिकणार कसं?’

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि वरवर पटण्यासारखाही आहे. एप्रिल-मेमध्ये नाशिक चाळीशी गाठतं. पण ऑइलला बाहेरच्या उन्हाशी फार देणंघेणं नसतं. गाडी गरम झाली की थर्मोस्टॅट इंजिनचं पाणी नव्वद अंशांच्या आसपास ठेवतो आणि ऑइल साधारण त्याच्या थोडं वर राहतं. हे हिवाळ्यात जसं, तसंच मेमध्ये. शिवाय पातळ ऑइलचा थर टिकतो की नाही ही चाचणी १५० अंशांवर घेतात. ०डब्ल्यू-२० मागणारं इंजिन मुळातच त्या थराच्या हिशेबाने बनवलेलं असतं: बेअरिंगमधली फट, ऑइल पंप, वाहिन्या, सगळंच.

खरा फरक पडतो तो सकाळी. ४० अंशांना १५डब्ल्यू-४०ची जाडी ढोबळमानाने ११० सेंटीस्टोकच्या आसपास असते, तर ०डब्ल्यू-२०ची ४५च्या. निफाडला द्राक्षाच्या मण्यांना तडे जातील अशी थंडी पडते तेव्हा ही तफावत आणखी रुंदावते. १५डब्ल्यू उणे वीस अंशांनाही इंजिन फिरू देतं, त्यामुळे गाडी सुरू होईल, त्याची चिंता नाही. पण ऑइल वरच्या भागात पोचायला वेळ लागतो, व्हॉल्व्हची यंत्रणा सुस्त होते, आणि सिडकोतून शाळा, शाळेतून बाजार अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण गरम होतच नाही. अशा गाडीचं ॲव्हरेजही थोडं घसरतं.

‘आमचा मिस्तरी तर वर्षानुवर्षं हेच टाकतोय’

टाकत असेल, आणि त्याच्या हातून एकही इंजिन गेलं नसेल. त्याच्या अनुभवावर शंका घ्यायचं कारण नाही. अँबॅसेडर, पद्मिनी, जीप, मारुती ८००, क्वालिस, सुमो, जुनी बोलेरो या गाड्यांत डीपीएफ नव्हता आणि सुरुवातीच्या गाड्यांत कॅटही नव्हता. अँबॅसेडर, पद्मिनी, जीपसारख्या जुन्या इंजिनांत तर कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, टॅपेटवर सपाट घासत फिरतो. तिथे झेडडीडीपी जास्त असलेलं ऑइल उपयोगीच पडतं. घरातली अशी एखादी जुनी गाडी हौसेने सांभाळली असेल तर सीआय-४ आणि एसएल असे दोन्ही दर्जे लिहिलेलं १५डब्ल्यू-४० तिला छान चालतं. जुन्या, डीपीएफ नसलेल्या डिझेल गाड्यांना तर बहुधा पुस्तिकेतच हे ऑइल सांगितलेलं असतं.

पण कॅट मंदावायला काही वर्षं लागतात, डीपीएफ भरायला हजारो किलोमीटर. तोपर्यंत गाडी विकलेली असते किंवा दुसऱ्या गॅरेजला गेलेली असते. ऑइल बदलणाऱ्याला आणि दिवा लागल्यावर संगणक जोडून बघणाऱ्याला एकमेकांचं काम दिसतच नाही.

दोन्ही दर्जे छापलेले असले की झालं, असंही नाही. ‘सीआय-४ प्लस/एसएल’ असं लिहिलेलं असलं तर त्यातलं एसएल म्हणजे २००४ पर्यंतच्या पेट्रोल इंजिनांसाठीचा दर्जा. २०२१च्या कारला एसपी हवं असेल तर ते तिथे नाहीच. जो दर्जा आधी छापलेला असतो, ऑइल मुख्यतः त्यासाठी बनवलेलं असतं, हेही लक्षात ठेवा.

‘डिझेल ऑइल टाकून हजार किलोमीटर चालवलं की पेट्रोल इंजिन आतून धुऊन निघतं’ हाही एक लाडका समज. स्वच्छता करणारी रसायनं पेट्रोलच्या ऑइलमध्येही असतात. ती मुख्यतः घाण साठू देत नाहीत. आधीच घट्ट झालेला गाळ हजार किलोमीटरमध्ये उतरत नाही.

चुकून पडलं तर

रात्री महामार्गावर ऑइलचा दिवा लागला, ढाब्याशेजारच्या दुकानात फक्त १५डब्ल्यू-४० मिळतंय. घाला. अर्धा-एक लिटर टॉप-अपने काही बिघडत नाही. वेगवेगळी इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळावीत ही अट चाचणीतच असते. कमी ऑइलवर गाडी रेटणं त्याहून कितीतरी वाईट. नंतर पुढच्या सर्व्हिसला योग्य ऑइल भरा.

पूर्ण चेंबरच भरलं गेलं असेल तर साध्या पेट्रोल कारला घाबरायचं कारण नाही, पुढचा बदल थोडा लवकर करा. बीएस-६ डिझेल असेल तर लवकरच काढून घ्या. टर्बो पेट्रोल असेल तर वाट पाहू नका, आणि तोपर्यंत चढावर गिअर खाली टाकून चालवा. वॉरंटीतल्या गाडीला ऑइल कुठूनही घाला, पण पुस्तिकेतली जाडी आणि दर्जा जुळलेलं घाला आणि बिल जपून ठेवा. वाद झाला तर तेच दाखवावं लागतं.

दुचाकीचं वेगळं आहे. बहुतेक मोटरसायकलींत क्लच आणि गिअर इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेले असतात, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हा दुचाकींसाठीचा जपानी दर्जा लागतो. तो नसेल तर बादली तिथेच ठेवा.

उलटी चूक

कारचा उरलेला डबा ट्रॅक्टरमध्ये ओतणारेही आहेत. ही चूक जास्त महाग पडू शकते. फक्त एसपी लिहिलेलं पातळ ऑइल डिझेलची काजळी सांभाळण्यासाठी तपासलेलंच नसतं. औषध फवारणीच्या दिवसांत ब्लोअरला जोडलेला ट्रॅक्टर रोज तासन्‌तास भारावर चालतो. तिथे ते ऑइल काजळीने लवकर घट्ट होतं आणि बेअरिंगवरचा थर ट्रॅक्टर मागतो तेवढा राहत नाही. आणि ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला, गिअर आणि हायड्रॉलिकला लागणारं ऑइल हे तिसरंच असतं, अनेक ट्रॅक्टरांत त्यात ब्रेकही बुडालेले असतात. शेडमध्ये तिन्ही बादल्या सारख्याच दिसतात, म्हणून झाकणावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: ट्रॅक्टर इंजिन, ट्रॅक्टर हायड्रॉलिक, कार.